परीक्षा झाली, आता क्लासला काय काय द्यायचं?

हडपसरकर

नमस्कार मंडळी. लेकीची इंजिनीअरिंग प्रवेशाची सीईटी (पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स गट) २०२५ च्या एप्रिलमध्ये आटोपली. पेपर कसा गेला हा या धाग्याचा विषय नाही, त्यावरून घरात दोन गट पडलेत ते पुरे आहेत. विषय आहे क्लासचा.

पोरगी केंद्रातून बाहेर आली. वाघोलीच्या पुढचं एक कॉलेज, ऊन मी म्हणत होतं, सावली काय ती रसवंतीवाल्याच्या छपराखाली. रसाचा ग्लास हातात येतो न येतो तोच माझ्या पर्समधला तिचा फोन वाजला. केमिस्ट्रीचे सर. "बेटा, आठवतंय तोवर बोल, मी रेकॉर्डिंगला लावलंय." ती बिचारी ग्लास बाजूला ठेवून सांगायला लागली. कुठलीशी बेंझिनची अभिक्रिया, रेट कॉन्स्टंटचं एक गणित, "इनऑरगॅनिक जास्त होतं सर". मग सरांनी फिजिक्सच्या सरांना फोनवर जोडून घेतलं. तोवर क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येऊन पडला होता: "सकाळच्या शिफ्टवाल्यांनी प्रश्न लवकर टाका, दुपारची मुलं वाट बघतायत."

तेव्हा मी काही बोलले नाही. सरांनी दोन वर्षं जीव तोडून शिकवलंय, रात्री अकराला शंका विचारली तरी उत्तर दिलंय, ते विसरता येत नाही. पण काल क्लासकडून गुगल फॉर्म आला. त्यात अर्ज क्रमांक, हॉल तिकिटाचा फोटो, जन्मतारीख, नोंदवलेला मोबाइल नंबर, ईमेल आणि सीईटीच्या पोर्टलचा पासवर्ड. पासवर्डच्या रकान्यावर लाल चांदणी, म्हणजे तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. कारण दिलंय 'रिझल्ट ॲनालिसिस आणि कॅप (केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांचं) मार्गदर्शन'.

नवरा म्हणतो, एवढी फी मोजली, आता त्यांच्यापासून काय लपवायचं? नणंद म्हणते, प्रश्नसुद्धा सांगायला नको होते, दुपारच्या पोरांना आपण आयतं का द्यायचं? मला दोघांचंही धड पटत नाही. तुमच्याकडे काय करता?

चहाबाज

पासवर्ड? ताई, आधी तो फॉर्म बंद करा. घराची किल्ली दूधवाल्याकडे ठेवायची नसते, मग दूध कितीही चांगलं असो. बाकीचं नंतर लिहितो, चहा ठेवलाय.

करवीर_शिकवणी

मी स्वतः शिकवणी घेतो, कोल्हापुरात, गणिताची. त्यामुळे माझ्यावर दगड पडणार हे धरून चाललोय, तरी लिहितो.

पासवर्डचं समर्थन करणार नाही. मी कधी मागितला नाही, मागायचं कारणही नाही. पण मुलांकडून प्रश्न विचारून घेणं हा गुन्हा असल्यासारखं बोलू नका. नीटचं बघा, एका दिवशी एकच पेपर, प्रश्नपुस्तिका मूल घरी घेऊन येतं. जेईई मेनला शिफ्ट असतात, पण एनटीए, म्हणजे परीक्षा घेणारी केंद्राची संस्था, सगळे पेपर नंतर वेबसाइटवर टाकते. ॲडव्हान्स्डचे दोन्ही पेपर जाहीर होतात. सीईटीचं तसं नाही. आक्षेपांच्या मुदतीत ज्याचे त्याला लॉगिनमध्ये आपले प्रश्न आणि आपली उत्तरं दिसतात, बस्स. सगळ्या शिफ्टचे पेपर एकत्र कुठे बघायला मिळत नाहीत. मग पुढच्या वर्षीच्या पोरांना शिकवणाऱ्याने कशावरून शिकवायचं?

अभ्यासक्रम ठाऊक आहे: बारावीचा ८० टक्के, अकरावीच्या निवडक धड्यांचा २० टक्के. गणिताला ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. पण हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात पोरांचा वेळ कुठे गेला, इंटिग्रेशनमध्ये की व्हेक्टर्समध्ये, हे पोरंच सांगू शकतात. माझ्याकडे परीक्षा झाल्यावर मुलं येतात, मिसळ मागवतो, वहीत लिहून घेतो. गंमत म्हणजे एकाच शिफ्टला बसलेली पाच पोरं एकच प्रश्न पाच वेगळ्या आकड्यांनी सांगतात. एक म्हणतो वर्तुळ होतं, दुसरा म्हणतो पॅराबोला. त्यातून हाती काय लागतं? कोणता धडा किती खोल विचारला, एवढंच. तेवढंच मला हवं असतं.

स्पष्टवक्ता

मिसळ घालून माहिती काढता होय. बरंय. आणि तीच माहिती पुढच्या वर्षी 'आमच्याकडचे इतके प्रश्न जसेच्या तसे आले' म्हणून पत्रकावर छापायची, फी वाढवायची. मुलांनी फुकट दिलेलं पालकांनाच विकायचं. मी तर म्हणतो एक अक्षर सांगू नका.

करवीर_शिकवणी

पत्रक मी छापत नाही. बाकी बोलणं थांबवतो.

हडपसरकर

सर, थांबवू नका, मला तुमची बाजू हवीच होती. स्पष्टवक्ता, जरा बेतानं.

बदलापूर_स्लो

नणंदेचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, त्यात गणित आहे.

सीईटीत आपलं पर्सेंटाइल म्हणजे आपल्या सत्रातल्या किती टक्के मुलांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत ते. दशांशानंतर सात स्थळांपर्यंत काढतात. म्हणजे सकाळची मुलगी आणि दुपारचा मुलगा यांची थेट तुलना होत नाही, प्रत्येकाची स्पर्धा आपापल्या सत्रातल्या पोरांशी. इथवर ऐकून लोक म्हणतात, मग सांगितलं तर आपलं काय जातं?

जातं ते पुढच्या पायरीला. पर्सेंटाइल काढून झाली की सगळ्या सत्रांची मिळून एक गुणवत्ता यादी लागते. दुपारच्या मुलाला तुमच्या सांगण्याचा फायदा झाला आणि तो त्याच्या सत्रात वर सरकला, तर एकत्र यादीत तो तुमच्या मुलीच्याही वर बसू शकतो. पेपर वेगळा असतो हे खरं, तोच प्रश्न पुन्हा येईल असं नाही. पण 'इनऑरगॅनिक जास्त आहे, कोऑर्डिनेशन कंपाउंड्स नजरेखालून घाल' एवढं दुपारी एकला कळलं तरी दोन-तीन गुणांचा फरक पडू शकतो, आणि वरच्या टोकाला दोन-तीन गुणांत यादीतली शेकड्याने मुलं असतात.

आता ज्या क्लासमध्ये सकाळची शंभर आणि दुपारची शंभर मुलं आहेत त्याला दोन्हीकडून फायदा. गावातल्या कॉलेजात शिकून एकटा परीक्षेला येणाऱ्या पोराला कोण फोन करणार? मला खटकतं ते हे. तुमच्या मुलीचं नुकसान होईल न होईल, त्या पोराचं नक्की होतं.

करवीर_शिकवणी

मुद्दा मान्य. पण तुमचा 'दोन-तीन गुण' हा अंदाज आहे. मी बघितलंय त्यात उलटंही होतं. सकाळच्यांनी सांगितलं गणित सोपं होतं, दुपारची मुलं निर्धास्त बसली आणि लांबलचक आकडेमोडीत अडकली. ऐकीव माहितीवर परीक्षेला बसणारं पोर नेहमीच तोट्यात जातं असं मी माझ्या मुलांना सांगतो.

बदलापूर_स्लो

मग दुपारच्या आत विचारायची घाई कशाला? पीसीएम १९ ते २७ एप्रिल होती. लेकीने घरी आल्यावर वहीत लिहून ठेवावं आणि वही २८ ला द्यावी. आठवडाभर थांबलं तर शिकवणं कुठे अडतं?

करवीर_शिकवणी

हे पटलं. मी तसाच बसतो मुलांबरोबर, सगळं संपल्यावर. फाटकावर फोन करणारे आमच्यातले काही आहेत, नाकारत नाही. त्यांची शिफ्टवार मुलं आहेत, निकालावर पुढच्या वर्षीचे प्रवेश आहेत.

पेन्शनर_मास्तर

२८ ला वही द्यायची म्हणता, पण यंदा २७ ला संपलं कुठे! सत्तावीस तारखेच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांच्या पर्यायांत घोळ निघाला. उत्तर काढावं तर ते चारही पर्यायांत नाही. शेवटी सीईटी कक्षाला २७,८३७ मुलांची फेरपरीक्षा जाहीर करावी लागली, ती ५ मे ला झाली.

हे बाहेर कसं आलं याचा विचार करा. मुलं बाहेर येऊन बोलली, पालकांनी तक्रारी केल्या, शिकवणाऱ्यांनी आकडेमोड करून बघितली आणि ध्यानात आलं की पोरांचं नव्हे, पेपरचंच चुकलंय. त्या सत्रातल्या मुलांनी 'प्रश्न कुणाला सांगायचे नाहीत' म्हणून तोंड शिवून घेतलं असतं तर? सोळा-सतरा वर्षांचं पोर स्वतःलाच दोष देत बसतं, "मलाच येत नाही". माझ्या अडतीस वर्षांच्या नोकरीत असं रडणारी पोरं फार बघितली. तेव्हा प्रश्न अजिबात सांगू नका, या मताला माझा विरोध. मात्र शंका आली तर ती सरांपाशी ठेवू नका. कक्षाकडे लेखी तक्रार करा, आक्षेपाच्या मुदतीत आक्षेप नोंदवा. एका प्रश्नाला हजार रुपये पडतात, म्हणून उत्तर आधी जाणकाराकडून तपासून घ्या. इथे सर उपयोगी पडतात.

चहाबाज

मास्तरांना अनुमोदन. हजार रुपये ऐकून चहा सांडला.

विदर्भ_एक्सप्रेस

आमच्याकडे जेईईचं होतं (नागपूर). तिथे आक्षेपाला प्रश्नामागे २०० रुपये. मुलाला वाटत होतं पाच उत्तरं चुकीची दिलीयेत. क्लासच्या सरांनी बसून बघितलं, म्हणाले दोनच टाक, बाकी तीन तुझी चूक आहे. सहाशे रुपये वाचले आणि पोरगं जमिनीवर आलं. तेव्हा सरांना उत्तरपत्रिका दाखवल्याचा आम्हाला फायदाच झाला.

पण दाखवायची कशी ते सांगतो. लॉगिन करून रिस्पॉन्स शीट उघडली की वरच्या चौकोनात नाव, अर्ज क्रमांक, रोल नंबर, केंद्र, तारीख, शिफ्ट सगळं असतं. नेटवर 'रँक सांगतो' म्हणणाऱ्या वेबसाइटी त्या पानाची लिंक चिकटवायला सांगतात. पोरं बिनदिक्कत चिकटवतात. लिंकवरून पूर्ण पान त्यांच्याकडे जातं, वर मोबाइल नंबर मागतात, आणि दुसऱ्या दिवसापासून कुठल्या कुठल्या खासगी विद्यापीठांचे फोन चालू. आम्हाला जूनपर्यंत येत होते, एकाने तर मुलाचे गुण तोंडपाठ सांगितले!

नंतर शहाणपण सुचलं. पान पीडीएफमध्ये उतरवून घ्यायचं, पहिलं पान काढून टाकायचं, उरलेलं सरांना छापून द्यायचं. सरांना प्रश्न आणि मुलाने टिक केलेलं उत्तर हवं असतं, रोल नंबर नको असतो. ज्यांना रोल नंबरच हवा असतो त्यांना वेगळं काहीतरी करायचं असतं.

लातूरकर_पाव्हणा

रोल नंबरचं निघालंय म्हणून आमच्या गावचं सांगतो.

२०२४ च्या नीटनंतर काय गदारोळ झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. ६७ पोरांना ७२० पैकी ७२०, मग वाढीव गुणांचा घोळ, फेरपरीक्षा, सुप्रीम कोर्ट, शेवटी अव्वल आलेले राहिले १७. त्या जूनमध्ये लातुरात एटीएस आली. जिल्हा परिषद शाळेतले दोन शिक्षक, खासगी शिकवणीही चालवायचे, त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. फोनमधी काय घावलं? पोरांची हॉल तिकिटं! पुढं तपास सीबीआयकडं गेला. खरंखोटं कोर्ट ठरवील, मी न्यायाधीश नाही. पण तवापासून आमच्या ट्यूशन एरियात आईबाप हॉल तिकिटाचा फोटो पाठवायला बिचकत्यात. बिचकायलाच पायजे.

विचार करा की. तुमच्या पोरानं काहीच केलं नाही. पण उद्या असल्या एखाद्याच्या फोनमधी तुमच्या पोराचं हॉल तिकीट निघालं तर चौकशीला कुणाला बोलावत्याल? पैसे दिलेल्याला आणि 'सरांनी मागितलं म्हणून पाठवलं' म्हणणाऱ्याला वरनं बघून वेगळं कसं करायचं? ज्याची फाइल त्याच्या गळ्यात.

आणि सगळ्यांना एका माळंत ओवू नका. लातूर पॅटर्नच्या नावानं शिव्या देणारे लय झाले. पहाटे पाचला बॅच घेणारी, पोरगं दोन दिवस आलं नाही तर खोलीवर जाऊन बघणारी माणसंबी इथंच हायेत.

पेन्शनर_मास्तर

पाव्हणे, बरोबर लिहिलंत. त्याच जूनच्या २१ तारखेला केंद्राचा गैरप्रकारविरोधी कायदा लागू झाला. पेपर फोडणं, उत्तरपत्रिकेत फेरफार वगैरेंना तीन ते पाच वर्षं शिक्षा, दहा लाखांपर्यंत दंड, आणि संघटित टोळी असेल तर पाच ते दहा वर्षं, दंड किमान एक कोटी. एनटीएच्या परीक्षा त्यात येतात. परीक्षा संपल्यावर आठवलेला प्रश्न सरांना सांगणं आणि फुटलेला पेपर फिरवणं या दोन गोष्टी पालकांनी एकत्र करू नयेत. उगाच घाबरवायला नको.

हडपसरकर

सगळ्यांचे आभार. हॉल तिकिटाचं डोक्यातच आलं नव्हतं. आज क्लासमध्ये फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅम, फॉर्म भरला नाही तर कॅपचं मार्गदर्शन मिळणार नाही, सिस्टिममध्ये नाव येणार नाही." मार्गदर्शनाचे पैसे फीमध्येच घेतलेत हे मी सांगितलं तर म्हणे वर विचारून सांगते. वर म्हणजे कुठे कुणास ठाऊक.

स्लाऊवासी

जरा लांबून लिहितोय. इंग्लंडमध्ये ग्रामर स्कूलसाठी दहा वर्षांच्या मुलांची परीक्षा असते, इलेव्हन प्लस. स्लाऊ, बकिंगहॅमशायर, केंट, बर्मिंगहॅम इथे आपल्या लोकांची बरीच मुलं बसतात. इथेही तुमच्यासारखंच चालू असतं, फक्त मुलं लहान असल्यामुळे जास्त वाईट वाटतं.

इथे शाळाच पालकांना लिहून कळवतात की परीक्षेतलं काही कुणाला सांगू नका. कारण आजारी पडलेली मुलं नंतर बसतात आणि एका भागातली परीक्षा दुसऱ्या भागाच्या आधी असते. तरी शनिवारी परीक्षा झाली की रविवारी ट्यूटरचा फोन येतोच, "कोडवर्ड्स कसे होते, शब्द कोणते आले?" बकिंगहॅमशायरने तर २०१३ मध्ये शिकवणीला दाद न देणारी म्हणून नवी परीक्षा आणली, डरहॅम विद्यापीठाशी संबंधित संस्थेची. सराव पेपर बाजारात नाहीत, नमुना सांगायचा नाही. झालं काय? शिकवण्या कमी झाल्या नाहीत. उलट ज्या ट्यूटरकडे गेल्या वर्षीच्या मुलांनी सांगितलेलं जास्त, त्याचा भाव जास्त. काही वर्षांनी ते परत जुन्या कंपनीकडे गेले.

परीक्षा जितकी झाकपाक करते तितकी मुलांच्या आठवणीला किंमत येते. आमच्या मुलीच्या वेळी मी ट्यूटरबाईंना सांगितलं, शाळेने नको म्हटलंय, तिला विचारू नका. बाई जरा हिरमुसल्या. मुलीनेच परस्पर मैत्रिणीला सगळं सांगितलं होतं हे नंतर कळलं! दहा वर्षांच्या पोरीचं तोंड कोण बंद करणार.

करवीर_शिकवणी

स्लाऊवासी, तुमचं झाकपाकीचं वाक्य माझ्या मनातलं. सीईटी कक्षाने सगळी सत्रं संपल्यावर सगळे पेपर वेबसाइटवर टाकले तर फाटकावरचे फोन आपोआप बंद होतील.

बदलापूर_स्लो

सत्रं चालू असतानाचे होणार नाहीत. बाकी मान्य.

स्पष्टवक्ता

सर, तुमच्याशी सहमत व्हायची वेळ आली माझ्यावर. पेपर जाहीर करावेत.

चहाबाज

ऐतिहासिक प्रतिसाद. धाग्याला हार घाला.

कोथरूड_डेपो

धागा वर काढतोय, कारण कॅपचे दिवस आलेत आणि पासवर्डवर इथे म्हणावं तसं कुणी लिहिलेलं नाही. प्रश्नांवरच गाडी अडकली.

गेल्या वर्षी भाच्याच्या बाबतीत झालेलं. क्लासने एक 'ॲडमिशन सल्लागार' जोडून दिला. माणूस बोलायला गोड, लॅपटॉप उघडून बसलेला, कटऑफच्या याद्या तोंडपाठ. म्हणाला, दादा, ऑप्शन फॉर्म आम्ही भरून देतो, तुम्हाला किचकट पडेल, तीनशे पर्याय टाकता येतात. मेहुण्याने लॉगिन, पासवर्ड दिला. कन्फर्म करताना ओटीपी आला, तोही फोनवर सांगून टाकला, गाडी चालवताना. पहिल्या फेरीचा निकाल लागला तर पहिल्या क्रमांकाला जे कॉलेज टाकलेलं ते घरात कुणी उच्चारलंही नव्हतं. शहराबाहेरचं, नवीन. आणि पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप गोठते, पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. सल्लागार म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं." ओटीपी तुमच्या नंबरवरून दिला गेलाय, सिद्ध काय करणार? भाचा आता तिथेच शिकतोय.

त्याच्या पर्सेंटाइलला दुसऱ्या फेरीत पुण्यातलं बरं कॉलेज सहज होतं हे नंतर कटऑफ बघून कळलं. तेव्हापासून बहीण कटऑफचं पान उघडत नाही.

यंदा (२०२५) चार फेऱ्या आहेत आणि नियम आणखी आवळलाय. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी जे मिळेल ते घ्यावंच लागतं. म्हणजे क्रम कोण लावतो यावर सगळं आहे. सल्ला दहा जणांचा घ्या. कागदावर यादी करा, सरांना ती दाखवा, त्यांनी पेनाने वरखाली करू दे. फॉर्म मात्र मुलाने स्वतःच्या हाताने, तुमच्यासमोर भरायचा, कन्फर्म केल्यावर प्रिंट काढायची आणि पासवर्ड तिथल्या तिथे बदलायचा. नोंदवलेला मोबाइल नंबर क्लासचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा तर नाही ना, हेही बघा. अर्ज भरताना बऱ्याच जणांनी तो त्यांचाच टाकलेला असतो.

विदर्भ_एक्सप्रेस

शेवटचा मुद्दा लाखाचा. आमच्या शेजाऱ्यांचा ओटीपी सायबर कॅफेत जात होता. कॅफेवाला लग्नाला गेला आणि यांचा फॉर्म अडला.

हडपसरकर

उशिरा लिहितेय. निकाल लागला, लेकीला बरे गुण पडलेत, मनासारखं मिळेल असं वाटतंय. फॉर्मचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं.

शेवटी केमिस्ट्रीच्या सरांनाच भेटले. त्यांना पासवर्डच्या रकान्याचं माहीतच नव्हतं. फॉर्म हेड ऑफिसकडून आलेला. सर म्हणाले, "मॅडम, मला तिचा गणिताचा आणि केमिस्ट्रीचा आकडा सांगा, बाकी मला काय करायचंय?" तो मी सांगितला. लेकीने वही सगळ्या शिफ्ट संपल्यावर दिली होती, फेरपरीक्षासुद्धा होऊन गेल्यावर. सरांनी तिच्यासमोर बसून वाचली, दोन ठिकाणी हसले. पसंतीची यादी कागदावर नेली होती, त्यावर त्यांनी तासभर घालवला, आणि आम्ही चौथ्या क्रमांकाला टाकलेलं एक कॉलेज वर घ्यायला लावलं, का ते नीट समजावून. हे मार्गदर्शन फॉर्म न भरता मिळालं.

आता नवीन प्रकरण. काल क्लाससमोरून गेलो तर चौकात फ्लेक्स. लेकीचा फोटो, नाव, पर्सेंटाइल, खाली ज्युनिअर कॉलेजचं नावसुद्धा. फोटो ओळखपत्रावरचा, अकरावीतला, तिला अजिबात न आवडणारा. ती दुचाकीवरून उतरायलाच तयार नव्हती. मला कुणी विचारलं नाही की तिला नाही.

पेन्शनर_मास्तर

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. निवड झाल्यानंतर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय नाव, फोटो वापरता येत नाही. प्रवेशाच्या वेळी फॉर्मच्या कोपऱ्यात घेतलेली सही चालत नाही. साधं पत्र लिहा, पोच घ्या. बहुतेक फ्लेक्स उतरेल.

चहाबाज

किंवा निदान फोटो तरी बदलतील.

हडपसरकर

मास्तर, पत्र आज दिलं. पोच द्यायला रिसेप्शनवरची मुलगी पुन्हा 'वर विचारते' म्हणाली, तेव्हा लेकच म्हणाली, "मी बसते इथे, तुम्ही विचारून या." अर्ध्या तासात शिक्का मिळाला. नणंदेने फ्लेक्सचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर आधीच टाकलाय, तिला कुठलं पत्र द्यायचं ते सुचवा.

पीसीबी_पालक

छान चर्चा. एक विचारायचं होतं, दुसऱ्या फेरीआधी जात वैधता प्रमाणपत्राची पावती चालते का?

कोथरूड_डेपो

त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे हरवेल. आणि प्रमाणपत्राचा फोटो इथे टाकू नका.